दोन रिपोर्ट, एक जीप

“मग आधी कुणाला न्यायचं, हेमकृष्ण?” गोपीराजबाबांनी विचारलं.

हेमकृष्णाने दोन्ही रिपोर्ट बाबांपुढे धरले. लहानपणी तो याच मठात अक्षरं गिरवायला शिकला. आता तालुक्याला त्याची रक्ततपासणीची लॅब होती, नवं मशीन होतं आणि मशीनचा अभिमान होता. मशीनपेक्षा स्वतःचा थोडा जास्तच.

पाच घरची भिक्षा आणायची, एकत्र कालवायची आणि सगळ्यांनी तीच खायची, ही मठाची रीत. परवा त्यातलं कुठल्या घरचं काय बाधलं, कुणास ठाऊक! मठातल्या दोघांच्या पोटात जंतू शिरले होते, जुलाब थांबत नव्हते. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला चिखलापलीकडे पक्क्या रस्त्यावर जीप उभी होती. तिच्यात एकालाच आडवं निजवता येणार होतं. दुसऱ्याला पुढची फेरी, म्हणजे तीन तासांनी.

“प्रल्हादमुनींना,” हेमकृष्ण म्हणाला. “पांढऱ्या पेशी एकोणीस हजार. जंतूंशी लढणारे शिपाई असतात ते, बाबा. जेवढी मोठी लढाई, तेवढे जास्त शिपाई.”

आतल्या खोलीत प्रल्हादमुनी कण्हत, ओरडत होते. अंगात सणसणून ताप होता.

“आणि आमचा भोजराज?”

“दादांच्या फक्त एकवीसशे. ताप नाही, तक्रार नाही. निवांत पडलेत.”

बाबांनी एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं.

“बरं बाप्पा. खाट उचलायला माणसं लागतील. गावातून चौघांना बोलावून आण.”

गाव पन्नास पावलांवर. हेमकृष्ण गेला तसाच परत आला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती.

“गावात कुणीच नाही, बाबा. सगळी गल्ली रिकामी.”

“म्हणजे गाव सुखात आहे.”

“सुखात कसलं? तळ्याची पाळ फुटायला आलीय! घरात राहिलेली एक म्हातारी सांगत होती. झाडून सगळे तिकडे धावलेत.”

“मग घाबरतोस काहून? गल्ली तर निवांत होती.”

“अहो बाबा, गल्ली निवांत आहे कारण सगळे तिकडे...”

हेमकृष्ण थांबला. हातातल्या रिपोर्टकडे बघत राहिला.

मग तो धावतच आत गेला. भोजराजदादांच्या पायांवर त्याने आजवर कितीदा डोकं टेकलं असेल. ते गरम आहेत की गार, हे बघायला आज पहिल्यांदा हात लावला.

पाय गार पडले होते.

“बाबा! आधी दादांना!”

ड्रायव्हरला हाक मारली. उशाकडे एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने हेमकृष्ण. पायथ्याशी पंचाहत्तरीचे बाबा. नको नको म्हटलं तरी त्यांनी खाट सोडली नाही. जीप गेल्यावर बाबा प्रल्हादमुनींच्या उशाशी बसले आणि पुढची फेरी येईपर्यंत त्यांना चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिले.

चौथ्या दिवशी हेमकृष्ण तालुक्याहून आला. “दंडवत प्रणाम, बाबा,” म्हणाला आणि जवळ यायचं सोडून पायरीखालीच बसला.

“दादा वाचले. प्रल्हादमुनी तर परवाच उठून बसले. डॉक्टर म्हणाले, दादांचे जंतू आतडं ओलांडून सगळ्या अंगात पसरले होते. पेशी तिकडे धावत होत्या, तिथंच खपत होत्या, म्हणून रक्तात उरल्या नव्हत्या. अजून तीन तास गेले असते तर...”

त्याचे डोळे भरून आले.

“वर ये,” बाबा म्हणाले. तो वर आला. बाबांनी त्याचं डोकं स्वतःच्या खांद्याशी धरलं. तालुक्यातला लॅबवाला बराच वेळ तिथे लहान पोरासारखा मुसमुसत होता.

“बाबा, मी रक्त तपासलं. तुम्ही तर रिपोर्ट हातातसुद्धा घेतला नाहीत. दादांचं तुम्हाला कसं कळलं?”

बाबा उपरण्याने चष्मा पुसत राहिले...

“चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, भोजराज दिवसभर माझ्याशी भांडला नाही.”