नजर तारेवर

गावात ट्राम धावत होती तेव्हाची गोष्ट. ट्रामच्या छतावर एक लांब दांडा असे आणि तो वरच्या तारेला टेकून वीज घेई. भाजीबाजाराच्या अवघड वळणावर तो हटकून निसटे, मग ट्राम जागीच थांबे. त्यात अर्जुन शेलारसारख्या ड्रायव्हरचा काय दोष? पण नवे सुपरिंटेंडेंट कारखानीससाहेब कडाडले, "तुझं लक्ष नसतं, म्हणून दांडा निसटतो! उद्यापासून तारेवरची नजर क्षणभरही हलवायची नाही. हलवलीस, तर नोकरी गेली समज."

"पण साहेब, समोरचा रस्ता..."

"हुकूम म्हणजे हुकूम!"

घरी खाणारी तोंडं होती. अर्जुनानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः भाजीबाजारात पाहणीला आले आणि ऐटीत रुळांच्या मधोमध उभे राहिले. अर्जुनानं त्यांना लांबूनच ओळखलं. त्यानं ट्राम गोगलगायीसारखी हळू केली, ब्रेकवर हात घट्ट ठेवला आणि मान वर करून, पायानं घंटा बडवत तो पुढे येऊ लागला. थांबेल, थांबेल म्हणत साहेबांनी वाट पाहिली. शेवटी त्यांनी जी उडी मारली, ती थेट मेथीच्या टोपलीत.

"आंधळा आहेस का रे? मी दिसलो नाही?"

अर्जुनानं ट्राम थांबवली. मान वरच ठेवून तो म्हणाला, "माफी असावी साहेब. हुकुमाप्रमाणे वर बघत होतो. वर आपण कुठंच दिसला नाहीत!"

सगळा बाजार खो खो हसला. साहेबांनाही हसू आवरेना. कोटावरची मेथी झटकत ते म्हणाले, "खाली बघ बाबा. दांडा निसटला, तर निसटू दे."