सणगराचे घोंगडे आणि सोन्याचा ससा

एका राज्यात राजा वज्रधराच्या गादीचे बारावे वर्ष चालले होते. ऋतू शिशिर, महिना माघ, पक्ष वद्य. पहाटे मेंढ्यांच्या पाठी दहिवराने पांढऱ्या दिसत आणि दुपारी ऊन डोक्यावर तापे.

राजाच्या पदरी झाकोळ नावाचा मांत्रिक होता. भर दुपारी तो उन्हात उभा राहिला तरी त्याची सावली पडत नसे. त्याने राजाला सोन्याचा ससा करून दिला होता. ससा मैदानात धावे, त्याच्यामागे राजाची शिकारी कुत्री धावत, आणि ससा जितका धावे तितके सोने खजिन्यात पडे. तो ससा कोणत्याही कुत्र्याला कधी सापडला नाही. झाकोळाने आपला प्राण त्यात ठेवला होता, आणि हे कोणालाच ठाऊक नव्हते.

सोने फुकट येत नव्हते. शर्यतीत जे कुत्रे शेवटी येई ते मैदानाकडेच्या कोरड्या विहिरीत टाकायचे, असा करार होता. त्याचे उरलेले आयुष्य मांत्रिकाला मिळे. विहिरीतून कधी आवाज येत नसे. राजा त्या बाजूला बघत नसे.

मैदानाला लागून सटवाजीचे घर होते. सटवाजी जातीचा सणगर, घोंगडी विणणारा. घरात तो, बायको गोजरा आणि मुलगी तानी. चिंचोक्याची खळ दिलेले त्याचे घोंगडे पाऊस आत येऊ देत नसे. त्याच्या घराची एक रीत होती. घोंगड्याला कात्री लावायची नाही. विणले तसे ते माणसाबरोबर शेवटपर्यंत जायचे.

त्या माघात शर्यत लागली. एक राखी रंगाची कुत्री सर्वांच्या पुढे होती. मैदानाच्या मधोमध उघड्या मातीवर टिटवीने अंडी घातली होती. कुत्रीने ती पाहिली आणि सशाचा माग सोडून अंड्यांवर पाय रोवून उभी राहिली. बाकीची कुत्री तिला वळसा घालून पुढे गेली. ती शेवटी आली.

शिपाई तिला ओढत विहिरीकडे नेऊ लागले. ती ओरडली नाही. वाटेत तानी उभी होती. तिने अंगावरचे घोंगडे काढले आणि कुत्रीवर टाकले.

शिपायांचे हात थांबले. त्या राज्याच्या मूळ पुरुषाला एका सणगराने घोंगड्याखाली लपवून वैऱ्यांपासून वाचवले होते. तेव्हापासून कायदा होता, सणगराने ज्यावर घोंगडे टाकले तो त्याच्या घरचा.

"कोणाची पोर ही?" झाकोळाने विचारले.

"माझी," सटवाजी पुढे येऊन म्हणाला.

"घोंगडं उचलायला सांग तिला."

"टाकलेलं घोंगडं आम्ही उचलत नाही."

"कायदा जुना आहे, झाकोळा," राजा हळूच म्हणाला.

झाकोळ हसला. त्याचे दात लहान मुलाच्या दातांसारखे होते. "कायदा मानतो, महाराज. पण कुत्री सणगराची की सशाची, हे तिनंच सांगावं. तीन दुपारी मी ससा सोडीन. तिला कोणी धरायचं नाही. तिनं सणगराचं घोंगडं सोडलं नाही, तर ती त्याची. सोडलं, तर ती विहिरीत. आणि जिनं घोंगडं टाकलं, तीही विहिरीत."

गोजराने तानीला पोटाशी ओढले. सगळे राजाकडे बघू लागले. राजाने खजिन्याकडे पाहिले आणि मान हलवली.

कुत्री घरी आली, पण उंबऱ्याशी अडली. तिने घर कधी पाहिले नव्हते. तानी चार वेळा आत-बाहेर करून दाखवत राहिली, तेव्हा कुठे ती आली. कानात तापलेल्या लोखंडाचा डाग होता. नाव नव्हते. तानीने तिला भुरी म्हटले.

"बसत का नाही ही?" गोजराने विचारले.

"बसायला कोणी शिकवलंच नसेल," सटवाजी म्हणाला.

शेवटी ती तानीच्या घोंगड्यावर आडवी झाली आणि डोळे उघडे ठेवून निजली. गोजरा दचकली. "अहो, मेली की काय ही?"

तानीने हात लावला. भुरी झोपेतच उसळली आणि तिचे दात तानीच्या मनगटापाशी वाजले. मग शुद्धीवर येऊन ती भिंतीशी अंग चोरून थरथरू लागली.

"निजलेल्याला एकदम हात लावायचा नाही," सटवाजी म्हणाला. "आधी हळू हाक मारायची, मग जवळ जायचं. आणि घाबरू नकोस. ती तुझ्याहून जास्त घाबरली आहे."

सटवाजीचा विणायचा माग अंगणात, जमिनीतल्या खड्ड्यावर होता. पाय खड्ड्यात सोडून तो विणायला बसला, की त्याचे तोंड आणि निजलेल्या भुरीचे तोंड समोरासमोर येई. ती त्याच्याकडे बघत राही. तोही बघे.

पहिली दुपार झाली. पाखरे गप्प झाली. झाकोळ कुंपणाबाहेर उभा राहिला आणि त्याने ससा सोडला. ससा झळकत कुंपणावरून गेला. भुरीच्या अंगातली शिरन् शिर ताठ झाली.

"माग थांबवू नका," गोजरा दारातून पुटपुटली.

सटवाजी विणत राहिला. मागाचा ठोका चालू राहिला. भुरी थरथरली, पण तिने मान सशाकडून वळवून मागाकडे केली.

दुसऱ्या दुपारी ससा अंगणात आला. तो लंगडत होता, आणि सोन्याच्या पायातून खरे रक्त गळत होते. भुरी उठली. तिचा एक पाय घोंगड्याच्या काठाबाहेर अधांतरी राहिला. गोजराने तोंडात पदर कोंबला.

"भुरे," घरातून तानीने हळू हाक मारली.

पाय मागे आला.

"उद्या," झाकोळ म्हणाला आणि निघून गेला. तो उभा होता तिथले गवत काळे पडले होते.

संध्याकाळी कुंपणावर टिटवी येऊन बसली.

"सणगरा," ती म्हणाली, "तुझ्या कुत्रीनं माझी अंडी राखली. ते देणं फेडते. ऐक. उद्या ती धावेल."

"मग बांधून ठेवतो."

"बांधशील तर पोर जाईल. उद्या ससा कुत्रीसाठी येणार नाही." एवढे बोलून ती उडाली.

गोजरा रडू लागली. "बांधावं तर पोर जाते, सोडावं तरी पोर जाते. करायचं काय?"

पहाटे भुरी कुडकुडत होती. तिची कातडी पातळ, अंगावर मांस नव्हते. सटवाजीने आपल्या अंगावरचे घोंगडे काढले, मांडीवर घेतले आणि कात्री उचलली.

"अहो, हे काय? लग्नातलं घोंगडं आहे! तुमच्या बापानं विणलेलं!"

"ठाऊक आहे."

"आपल्या घरात आजवर कोणी..."

"नाही लावली कोणी कात्री." त्याचा हात जरा थांबला, मग चालू लागला. "ती धावणारच असेल, तर घोंगडं घेऊन धावू दे."

"आणि तुम्ही काय पांघराल?"

"बघू."

त्याने भुरीची झूल बेतली आणि जाड दोऱ्याने छातीखाली, पोटाखाली पक्की बांधली. भुरी त्याच्या मांडीला सगळे वजन देऊन टेकून उभी राहिली.

तिसरी दुपार झाली. तानीला आतल्या खोलीत ठेवून गोजरा पुढच्या दाराशी बसली. राजाही बघायला आला. झाकोळ अंगणात उभा होता, पण त्याचे हात रिकामे होते.

"ससा कुठे आहे?" सटवाजीने विचारले.

"आला आहे," झाकोळ म्हणाला.

घरामागे एक कोकरू ओरडले. तानीने बोटाने दूध पाजून वाढवलेले कोकरू गेल्या पावसाळ्यात लांडग्याने नेले होते. हा आवाज त्याचाच होता. तानीने मागच्या दाराची कडी काढली. बाहेर पांढरे कोकरू उभे होते. ती जवळ गेली की ते चार पावले पुढे जाई. असे करीत ते मैदानात गेले, आणि मैदानातून विहिरीच्या वाटेला लागले. उन्हात त्याची पाठ सोन्यासारखी चमकत होती. तानीला ती चमक दिसत नव्हती.

अंगणात भुरीचे कान उभे राहिले. जी कधी भुंकली नव्हती ती एकदा भुंकली. मग अंगणात ती नव्हती.

"घोंगडं सोडलं!" झाकोळ ओरडला. "पोर माझी!"

सटवाजीने मैदानाकडे पाहिले. तानी विहिरीच्या काठापासून हातभर अंतरावर होती. तो धावला असता तरी पोचला नसता, ओरडला असता तरी तिने ऐकले नसते.

भुरी कोकरू झालेल्या सशामागे गेली नाही. ती सशाची वाट सोडून आडवी धावली, तानीच्या बाजूने निघून गेली आणि विहिरीच्या तोंडाशी पाय रोवून उभी राहिली. तानी तिच्या अंगावर आदळून मागे पडली. ससा दचकून वळला. त्याला कुत्रे मागून येते एवढेच ठाऊक होते. समोरून कधी कोणी आले नव्हते. तो सरळ भुरीच्या जबड्यात गेला.

"नीट बघा," सटवाजी कसाबसा म्हणाला. "घोंगडं तिच्या अंगावर आहे."

झाकोळाने झूल पाहिली. मग जबड्यातला ससा पाहिला. भुरीने दात मिटले. झाकोळ उभ्या जागी राख झाला, आणि राखेची मात्र सावली पडली.

त्याच घटकेला खजिन्यातल्या सोन्याची हाडे झाली. कोरड्या विहिरीतून खरवडल्याचा आवाज आला, आणि आजवर टाकलेली कुत्री एकामागून एक वर आली. ती उन्हातही कुडकुडत होती. गावातले लोक धावले. ज्याने जे कुत्रे धरले ते त्याने घरी नेले. शेवटी एक म्हातारे, एका डोळ्याचे कुत्रे उरले.

"महाराज, हे तुमचं," सटवाजी म्हणाला.

"माझं?"

"घरात ठेवायचं. पागेत नाही. निजलेलं असलं की आधी हाक मारायची."

राजाने मान खाली घातली. "आणि याच्यासाठी घोंगडं?"

"विणून देईन. फुकट नाही."

राजाने ते कुत्रे स्वतः उचलून नेले. त्या राज्यात पुन्हा शर्यत झाली नाही, आणि विहीर लोकांनी मातीने भरून टाकली.

दिवस मावळला, गारठा उतरला. सटवाजी अंगावर काही न घेता मागाशेजारी कुशीवर निजला. भुरी झुलीसकट उठली. जवळ येऊन तिने आधी हळू आवाज केला, हाक मारावी तसा. मग त्याच्या पाठीला पाठ लावून सगळे वजन टाकून ती आडवी झाली. सटवाजीला ऊब आली. देणे फिटले.