उजवं चाक कुठे फिरलं?

“आणि चढावर लॉक लागलंच नाही, तर?”

महिपतने पुन्हा तेच विचारलं. दाजीबाबा देवळाच्या पायरीवर बसले होते.

घाटाच्या पायथ्याचं हे देऊळ. दाजीबाबा पूर्वी ट्रक चालवायचे, आता इथेच राहतात. घाट चढण्याआधी ड्रायव्हर लोक त्यांना गाडी दाखवतात. मनात काही सलत असलं तर तेही सांगतात. महिपत स्वतःला त्यांचा पट्टशिष्य म्हणवतो. बाबांनी त्याला तसं म्हटल्याचं मात्र कोणी ऐकलेलं नाही.

समोर उभी असलेली जीप महिपतच्या धाकट्या भावाची, हरबाची. दोघांची आई ओट्यावर घोंगडी पांघरून बसली होती. तिला धाप लागत होती. दवाखाना घाटापलीकडे, आणि दरडीच्या मातीने वरच्या रस्त्याचा पार राडा झालेला.

चिखलात एक चाक जागच्या जागी गरगरू लागलं, की लॉक मागच्या दोन्ही चाकांना एकत्र बांधतं. मग दुसरं चाक गाडी ओढून काढतं. ते लॉक हरबाने नुकतंच तालुक्याहून दुरुस्त करून आणलं होतं.

“एकटाच गेलता,” महिपत बाबांच्या कानाशी लागला. “काय बसवलं, काय नाही, कुणी बघितलंय? वाटणी झाल्यापासनं मी याला चांगला ओळखून आहे.”

“दादा, आई माझी पण आहे,” हरबा म्हणाला.

“गोड बोलू नकोस.”

बाबा उठले.

“मागची दोन्ही चाकं उचला.”

पुढच्या चाकांना दगड लावले. जॅकवर जीपचा मागचा भाग उचलला. गाडी न्यूट्रलला ठेवली, लॉकचा दांडा ओढला. आता एका बाजूचं चाक हाताने फिरवायचं. दुसरंही तिकडेच फिरलं, तर लॉक लागलं. उलट फिरलं, तर नाही. इतकी सोपी परीक्षा.

महिपतने डावं चाक पुढे फिरवलं.

“पुढंच फिरतंय!” उजवीकडून हरबा म्हणाला.

महिपत धावत पलीकडे गेला. चाक थांबलेलं होतं. थांबणारच, फिरवणारा इकडे पळून आला होता.

बाबांनी चंचीतून बोटभर चुना काढला आणि उजव्या टायरच्या माथ्यावर खूण केली.

महिपतने आपलं चाक थोडं पुढे फिरवलं. जाऊन पाहिलं. चुना पुढे सरकलेला होता.

“मी येईस्तवर तू हात लावला असशील.”

हरबा दोन्ही हात वर करून चाकापासून मागे सरकला.

ओट्यावर आई खोकली.

“बाबा, तुम्ही बसा तिकडं,” महिपत म्हणाला. “या माणसाचं मला काही सांगू नका. तुमच्या शब्दाबाहेर मात्र मी नाही.”

“नाहीस ना?”

“नाही.”

बाबांनी हरबाला आईजवळ पाठवलं. खांद्यावरच्या फडक्याने टायरवरचा चुना पुसला आणि उजव्या चाकाशी मांडी घालून बसले.

महिपतने चाक फिरवलं.

“उलट,” पलीकडून आवाज आला.

महिपत ताडकन उठला. चेहरा कसा खुलला होता!

“बघितलंस, आई? मी काय सांगत होतो! हा आपल्याला दरीत घालणार होता!”

आईला दवाखान्यात न्यायला आता गाडीच उरली नाही, हे या शहाण्याच्या ध्यानातही आलं नाही.

हरबा ओट्यावरून खाली उतरला. “बाबा, असं कसं…” एवढंच तो म्हणाला.

बाबा महिपतकडे वळले.

“या खेपेला धावत आला नाहीस?”

“तुम्ही सांगितल्यावर काय बघायचं?”

“मी डोळे मिटून बसलो होतो.”

…

महिपतने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्याच्या दोन्ही तळव्यांना टायरचा चिखल लागला होता. तो पुसायचंही त्याला सुचेना.

आईला पुन्हा उबळ आली. ती ओसरल्यावर तिने खांबाचा आधार घेतला, उठली, आणि कोणाला काही न विचारता जीपकडे निघाली. हरबा जॅक उतरवायला धावला.

महिपत बाबांच्या जवळ सरकला. आवाज एकदम खाली आला होता.

“बाबा… मग चाक खरं कुठं फिरलं?”

बाबांनी चंचीची दोरी आवळत जॅकशी वाकलेल्या हरबाकडे पाहिलं.

“मला काय विचारतोस? ज्यानं पाहिलं, त्याला विचार.”