आतून लिंपलेली भिंत

त्या वनात धनेश पाखरांच्या घराला दार नसे, फट असे. रीत जुनी होती. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसायची, नर नदीकाठचा चिखल चोचीतून आणून द्यायचा, आणि ती आतल्या बाजूने ढोलीचं तोंड लिंपून घ्यायची. चोच जाईल एवढी फट तेवढी उरायची, आणि त्या फटीतून नर तिला खाऊ घालायचा. आत बसल्यावर तिची उडायची पिसं झडायची आणि हळूहळू नवी यायची. पिलू अंगात भरलं की ती स्वतःच्या चोचीने भिंत फोडून बाहेर पडायची. या रितीत वाईट काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वनात साप होते, माकडं होती, आणि भिंतीने पुष्कळ घरं राखली होती.

फक्त एक गोष्ट होती. भिंत आतून लिंपतात हे सगळ्यांना इतकं पाठ होतं, की एखादी मादी ऋतू उलटला तरी बाहेर आली नाही, तर वन म्हणायचं, तिचीच भिंत, तिचीच मर्जी. त्यापुढे कुणी विचारत नसे.

मालनने दौलतशी घर मांडलं तेव्हा तिच्या मैत्रिणींना तिचा हेवा वाटला होता. दौलत देखणा, बोलायला गोड, चारचौघांत उठून दिसणारा. त्याने ढोली निवडली ती सगळ्यांच्या झाडांपासून लांब. गलका नको, म्हणाला. फट नेहमीपेक्षा थोडी अरुंद ठेव, सापाचा काय नेम, असंही म्हणाला. मालनने तशी ठेवली. आपली कुणीतरी एवढी काळजी करतंय याचंच तिला अप्रूप होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत कुणालाही वाटलं असतं.

दौलतने तिच्यावर कधी चोच उगारली नाही. त्याला तशी गरजच पडली नाही. मालनची आई एकदोनदा फटीशी येऊन बोलून गेली, तेव्हा दौलत संध्याकाळी हळहळत म्हणाला की तुझी आई तुझ्या झडलेल्या पिसांच्या गोष्टी साऱ्या वनात सांगत फिरते. मालन आईशी तुटक बोलू लागली. पुढे आईच यायची बंद झाली. मालनने काही विचारलं, की त्या दिवशी उंबरं कच्ची यायची. पुन्हा विचारलं तर यायचीच नाहीत. दौलत म्हणायचा, आज काही मिळालंच नाही बघ. उडताना त्याच्या पंखांचा मोठा आवाज व्हायचा, आणि तो आवाज लांबून ऐकूनच आजचा दिवस कसा जाणार हे मालनला कळू लागलं. आवाज जड असला की ती खाल्लेल्या उंबरांच्या बिया भराभर फटीतून खाली टाकून द्यायची. घर स्वच्छ लागायचं त्याला.

त्या ढोलीत तिला मुलगी झाली. तिचं नाव बारकी. बारकीला पिसं फुटली, मालनची पिसं परत आली, आणि एक दिवस मालनने रितीप्रमाणे भिंतीवर चोच मारली. दौलत लगेच ओला चिखल घेऊन हजर. पोर लहान आहे, वर ससाणा फिरतोय, आणि तुझी पिसं बघ, या पिसांनी तू समोरच्या फांदीपर्यंतसुद्धा पोचायची नाहीस. मालनने आपल्या पंखाकडे पाहिलं. ढोलीत दोन्ही पंख एकदम उघडायला जागा नव्हती, तेव्हा त्याचं खरं की खोटं हे तपासणार तरी कसं? चोचीने पाडलेला खड्डा तिने स्वतःच लिंपून टाकला.

आता, त्या वनात प्रत्येक आईला एक गोष्ट ठाऊक होती. जन्मानंतर दुसऱ्यांदा लाल फुलांची सावर फुलायच्या आत पिलाने पंख उघडले नाहीत, तर त्याचे सांधे धरतात, आणि मग ते पाखरू जन्मभर या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत राहतं. मालनच्या जिवाला तेवढाच एक घोर होता. पण फटीतून सावर दिसत नव्हती. बाहेरचं सगळं दौलतच्या चोचीतूनच आत यायचं, आणि दौलत सांगायचा की सावर अजून एकदाही फुललेली नाही. ती म्हणायची, असेल.

बाहेर उंबराखाली पाखरं जमली की दौलतचं कौतुक व्हायचं. काय तो आणून घालतो, बाई! एवढं कोण करतं आजकाल? मालनची आई ऐकून घ्यायची आणि पान खाली पडावं तशी गुपचूप निघून जायची.

या सगळ्यात एक ठकूमावशी होती. ही सुतारपक्षीण. फटकळ, तापट, आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते सालीवर कान लावून ऐकण्यात पटाईत. मालनच्या झाडावर किडे टिपायला आली तेव्हा आत दोन जीव असून आवाज म्हणून नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं. तिचं डोकं फिरलं. काही न विचारता तिने भिंतीवर ठकाठक चोच मारायला सुरुवात केली. आतून मालन गयावया करू लागली, नको, नको, ते येतील. ठकूमावशी थांबली खरी, पण भिंतीला तडा गेला होता. मालनने तो घाईघाईने लिंपला. दौलतला ओलं लिंपण दिसलंच. दुसऱ्या दिवशी उन्हं कलेपर्यंत खायला आलं नाही, आणि बारकी रडून रडून झोपून गेली.

ठकूमावशीने ते सगळं शेजारच्या झाडाआडून ऐकलं. आपल्या चोचीची तिला लाज वाटली. मग मात्र तिने वेगळी वाट धरली. दौलतच्या पंखांचा आवाज डोंगरापलीकडे विरला की ती येऊन नुसती फटीखाली बसायची. नदीला पाणी किती आहे, साळुंक्यांचं कशावरून भांडण झालं, तुझी आई तुझी रोज आठवण काढते, असलं काहीबाही सांगायची. बाहेर ये, असं एकदाही म्हणाली नाही. मालन आधी गप्प असायची, मग हूं म्हणायला लागली, मग एक दिवस हसली. स्वतःचं हसू ऐकून ती दचकलीच.

असंच बोलता बोलता ठकूमावशी म्हणाली, "खाली तुझ्या बियांची उंबरं उगवलीत, पोरी. एक तर चांगलं झाड झालंय. मी आता त्याच्यावरच बसलेय."

मालनला कळेना. "एवढ्यात झाड कसं होईल?"

"एवढ्यात कुठलं? सावर एकदा फुलून गेली. आता परत कळ्या धरल्यात."

मालनने धीर करून दौलतला विचारलं. तो हसला. त्या सुतारणीला काय कळतंय, एका पावसात रोप केवढंही वाढतं, आणि तू हल्ली काहीही मनात घेऊन बसतेस. तो इतकं शांतपणे बोलला की मालनला वाटलं, खरंच, आपलंच डोकं ठिकाणावर नसेल.

मग ती दुपार आली. दूरवर पंखांचा आवाज झाला, आणि तो जड होता. मालन बिया गोळा करायला वाकली. वर बघते तो बारकीने तळातला ओलसर चिखल चोचीत घेतला होता आणि फटीच्या कडेला ती तो नीट थापत होती. जिथून जरा जास्त उजेड येत होता, बरोबर तिथेच.

"हे तुला कुणी शिकवलं?" मालनने विचारलं.

"कुणी नाही," बारकी म्हणाली. "बाबा यायच्या आधी करायचं असतं ना?"

तिने लेकीच्या चोचीतला चिखल काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने ठकूमावशीला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या अरुंद फटीपासून. ठकूमावशीने मध्ये तोंड घातलं नाही, आणि एवढे दिवस का गप्प राहिलीस, असंही विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "तू सांग. मी काय करू?"

कितीतरी काळात मालनला हे कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, तू चोच लावू नकोस. तो डोंगरापलीकडे गेला की सालीवर हलकेच वाजव, म्हणजे मला कळेल. आणि आईला निरोप दे.

त्या दिवसापासून खूण झाली की मालन भिंत आतून कोरायची, खालच्या अंगाला, जिथे फटीतून नजर पोचत नव्हती, आणि वरून सैल माती लावून ठेवायची. उरलेल्या वेळात मायलेकी पंख हलवायच्या. आधी एक पंख मिटायचा मग दुसरा उघडायचा, कारण दोन्हींना जागा नव्हती.

दौलतला काहीतरी जाणवलं असावं. कारण एकाएकी तो फार गोड वागू लागला. पिकली, रसाळ उंबरं आणली. फट हवी तर मोठी करू, तुझ्या आईला बोलवू, म्हणाला, आणि फटीचा एक टवका त्याने स्वतः उडवलासुद्धा. खोटं कशाला सांगा, मालन विरघळली. दोन दिवस तिने भिंतीला चोच लावली नाही. तिसऱ्या दिवशी बारकीने हळूच विचारलं की आज पंख हलवायचे नाहीत का. मालन उठली आणि कोरायला लागली. संध्याकाळी तिने दौलतला गोड आवाजात सांगितलं, अहो, त्या डोंगरापलीकडच्या उंबराची फळं खावीशी वाटतात.

सकाळी तो गेला. ठकूमावशीची खूण झाली. मालनने उरलेलं लिंपण फोडलं आणि ती थबकली. तिचं लिंपण संपलं होतं, पण भिंत संपली नव्हती. समोर दुसरी माती होती, काळी, दगडासारखी घट्ट. ही माती तिने कधी चोचीला लावलेली नव्हती. तिने त्या काळ्या मातीवर चोच मारून पाहिली, टवकाही उडाला नाही.

"काय झालं, पोरी?" बाहेरून ठकूमावशीने विचारलं.

"मावशी," मालन म्हणाली, "आता तूही मार."

दोन्हीकडून चोची पडू लागल्या. आवाज ऐकून मालनची आई आली, मैत्रिणी आल्या, उंबराखाली कौतुक करणारी पाखरंही आली. शेवटी भिंतीचा मोठा तुकडा निखळून खाली पडला आणि सगळ्यांच्या मधोमध दुभंगला. आतला थर पानाएवढा पातळ होता. बाहेरचा जाड, एकावर एक चढवलेला, आणि त्यावर भल्या मोठ्या चोचीने थापल्याचे ठसे. मालनची आई पुढे झाली, तिने एका ठशात आपली चोच घालून पाहिली. ती बसली नाही. कुठल्याही मादीची बसली नसती, ठसा नराच्या चोचीचा होता.

तेवढ्यात पंखांचा तो आवाज आला. दौलत परत आला होता, आणि त्याच्या चोचीत उंबर नव्हतं. काळा, ओला चिखल होता. मालनला हाक मारायला त्याने चोच उघडली असती तर तो चिखल सगळ्यांच्या पुढ्यात पडला असता. म्हणून तो तसाच बसून राहिला, चोच घट्ट मिटून.

मालन ढोलीच्या तोंडाशी आली. समोरच्या फांदीपर्यंत ती पोचली नाही. दौलत तेवढं खरं बोलला होता. पण खाली, तिच्याच बियांचं उंबर उभं होतं, आणि ती त्याच्यावर उतरली. मागून बारकी आली, धडपडत, जवळजवळ पडतच. फांदी वाकली आणि सावरली. आई आणि ठकूमावशी दोन्ही बाजूंना येऊन बसल्या.

बारकीने सवयीने एक पंख मिटला आणि दुसरा उघडला. मग आईकडे पाहून मिटलेलाही उघडला. दोन्ही टोकं कशालाच लागली नाहीत. ती बराच वेळ पंख तसेच धरून बसली, आता काहीतरी लागेल म्हणून.