पाय बघायची वेळ

“गेणूबाबा, तुम्हाला इथं कधी नकोसं होत नाही का?”

हनोख पाळकांनी हे विचारलं तेव्हा गेणूबाबा ओट्यावर बसून पट्ट्या गुंडाळत होते. धुऊन वाळवलेल्या, मांजरपाटाच्या पट्ट्या. हाताला बोटं अशी उरलीच नव्हती, पण दोन तळव्यांमध्ये धरून ते पट्टी इतकी घट्ट वळत, की नर्सबाईंनाही तशी जमत नसे.

बाबांनी हातातली पट्टी पुरी केली. टोपलीत ठेवली. उन्हाकडे एकदा पाहिलं.

“पाळकसायेब,” ते म्हणाले, “ऊन हाये तवर माझे पाय बघता का?”

हनोखना वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं.

हनोख वाघचौरे तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. धर्मशास्त्राच्या परीक्षेत पहिले आलेले. आवाज असा, की प्रार्थनेला उभे राहिले की मागच्या बाकावरचं मूलही रडायचं थांबे. शहरातल्या मोठ्या चर्चच्या मंडळीला पाळक हवा होता आणि ती जागा हनोखचीच, असं सगळे धरून चालले होते. हनोख तर सगळ्यात आधी.

पण मिशनच्या समितीनं त्यांना धाडलं गोदावरीपासून दोन कोसांवरच्या या कुष्ठधामात. दोन वर्षांसाठी. चिंचांची एक रांग, दगडी प्रार्थनामंदिर, दीडशे रोगी आणि पाय भिजवायचा एक लांबलचक हौद. बाकी नुसता माळ.

पाय बघणं म्हणजे काय, ते हनोखना तिथं आल्यावर कळलं. या रोगात हातापायांची जाणीव जाते. काटा बोचला, निखारा लागला, तरी माणसाला पत्ता नसतो. जखम आतून चिघळत राहते आणि एक दिवस पायच जातो. म्हणून कुष्ठधामाचा नियम होता. रोज पाचच्या सुमाराला सगळ्यांनी पाय धुवायचे आणि जोडीजोडीनं बसून एकमेकांचे तळवे तपासायचे. ज्याचं त्याला कळत नाही, ते दुसऱ्यानं बघायचं.

गेणूबाबांचे पाय एकोणीस वर्षं केरूबा नावाचे गृहस्थ बघत होते. हनोख यायच्या आठवडाभर आधी केरूबा वारले. बाकीच्यांच्या जोड्या लागलेल्या होत्या. बाबांची नजरही अधू झाली होती, त्यामुळे त्यांना स्वतःचं स्वतः बघता येत नव्हतं.

हनोख खाली बसले. हात पुढे करायला त्यांना वेळ लागला. बाबांनी घाई केली नाही.

“काही नाही,” हनोख म्हणाले आणि उठायला लागले.

“टाचेची भेग?”

हनोख परत बसले.

“आन् करंगळीच्या खाली? तिथं दाबून बघा. गरम लागतं का?”

“नाही.”

“मग बरं.” बाबांनी डोळे मिटले. “प्रभू, पाणी दिलंस, तेल दिलंस, बघणारं माणूस दिलंस. उपकार.”

एवढीच प्रार्थना. हनोखनी आमेन म्हणायला तोंड उघडलं, तोवर बाबा चपला चढवत होते.

ते रोजचंच झालं. सुरुवातीला हनोखना ते कमीपणाचं वाटे. मग सवयीचं झालं. पाच वाजले की पाय आपोआप ओट्याकडे वळत. गेणूबाबांनी आपल्याला शिष्य केलंय, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. बाबांनी तसं कधी म्हटलंही नाही.

एका रविवारी हनोखनी समाधानावर उपदेश केला. चाळीस मिनिटं. बायबलातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सांगितला, तीन मुद्दे काढले, शेवटाला आवाज असा चढवला, की चिमण्या तुळईवरून उडाल्या. संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर ते वाट बघत राहिले. बाबा काहीतरी म्हणतील.

“आवाज चांगला हाये,” बाबा म्हणाले.

हनोखना ते फार लागलं. दोन दिवस त्यांनी पाय बघताना एक शब्द काढला नाही.

आज हनोख पाळक ऐंशीच्या पुढं आहेत. लेकीकडे पुण्याला चौथ्या मजल्यावर राहतात. कुष्ठधामाचे वॉर्ड कधीच बंद झाले. गोळ्यांनी रोग बरा होतो आता, कुणाला गाव सोडावं लागत नाही. हे फार चांगलं झालं, असं ते सगळ्यांना सांगतात आणि मनापासून सांगतात.

तरीपण दिवस कलायला लागला की त्यांना बसवत नाही. त्या ओट्याचा वास आठवतो. खोबरेल, फिनेल, हौदाच्या कडेचा ओला दगड. जोडीजोडीनं बसलेली माणसं, मांडीवर एकमेकांचे पाय, कुणी भजन गुणगुणतंय, कुणी भांडतंय. लेक विचारते, बाबा, तिथं असं काय होतं हो? त्यांना सांगता येत नाही. कुणी घरात येऊन चप्पल काढली, की त्यांची नजर आधी तळव्याकडे जाते, एवढंच ती बघते आणि हसते.

दोन वर्षांसाठी गेलेले हनोख तिथं तेवीस वर्षं राहिले. कसे राहिले, याची गोष्ट एका संध्याकाळची आहे.

त्या दिवशी दुपारी पत्र आलं. शांतवन लोंढे नावाच्या वर्गमित्राचं. शांतवन परीक्षेत जेमतेम पास झालेला, बोलताना अडखळणारा. शहरातल्या मोठ्या मंडळीनं त्याला पाळक नेमलं होतं. ‘तुझी आठवण होते, दीक्षाविधीला ये,’ असं त्यानं मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं.

हनोख पत्र घेऊन प्रार्थनामंदिरात गेले. गुडघे टेकले. राग आला, मग रागाची लाज वाटली, मग शांतवनबद्दल वाईट विचार मनात आले आणि त्यांची आणखी लाज वाटली. शेवटी दमून त्यांनी एकच मागणं मागितलं. प्रभू, माझं मन असं कर, की त्याला काही लागूच नये.

मग पाच वाजले, म्हणून ते ओट्यावर गेले.

गेणूबाबा त्या दिवशी सकाळपासून बाहेर होते. तालुक्याच्या गावी जत्रा होती. वर्षातून तो एक दिवस ते सुटी मागून घेत आणि चालत जात. का जातात, हे हनोखनी कधी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्याला जत्रेची हौस असेल, असं त्यांना वाटे.

बाबा नुकतेच आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. पायांवर पाणी ओतून ते ओट्यावर टेकले. चेहरा दमलेला होता आणि डोळे लाल.

त्यांनी प्रार्थना आधीच उरकली. “प्रभू, पाणी दिलंस, तेल दिलंस, बघणारं माणूस दिलंस. पोर दाखवलीस. उपकार.”

हनोखचं लक्ष नव्हतं. त्यांनी उजवा पाय मांडीवर घेतला. ओल्या कापडानं तळवा पुसला आणि त्यांचा हात थांबला.

“बाबा… खिळा आहे.”

“असंल.”

“पार आत गेलाय. नुसतं डोकं दिसतंय.”

“पकड आना मग.”

हनोख ड्रेसिंगच्या खोलीत धावत गेले आणि पकड घेऊन आले. खिळा बोटाच्या पेराएवढा निघाला. मागोमाग रक्त आलं, काळपट. बाबा चिंचेकडे बघत बसले होते. पापणीही लवली नाही.

पुढं त्या जखमेपायी बाबांना साडेतीन महिने खाटेवर काढावे लागले आणि अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. पण तेव्हा ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

हनोखनी जखम धुतली. पट्टी बांधता बांधता त्यांनी ओट्याखालच्या चपलांकडे पाहिलं. टायरच्या, बाजारात मिळतात तशा, खिळे ठोकलेल्या. कुष्ठधामाच्या चपला वेगळ्या असत. मऊ काळ्या रबराच्या, दोऱ्यानं शिवलेल्या. त्यांत खिळा नसतो, तो याचसाठी.

“आपल्या चपला कुठं गेल्या तुमच्या?”

“त्या वळखू येतात,” बाबा म्हणाले. “जत्रेत लोकं लांबनं वळखतात.”

हनोखना ते समजलं नाही. त्यांच्या मनात दुपारपासून… नव्हे, कित्येक महिन्यांपासून साचलेलं होतं, तेच बाहेर पडलं.

“मला तुमचा हेवा वाटतो, बाबा. एवढा खिळा घुसला आणि तुम्हाला कळलंही नाही. आज मी देवाजवळ हेच मागत होतो. मनाला काही लागूच नये. म्हणजे सुटलो.”



बाबांनी दोन तळव्यांत तो खिळा उचलला. डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

“वाटंत बारव हाये,” ते हळूच म्हणाले. “दुखलं आसतं, तर तिथंच बसलो आसतो. काढून टाकला आसता…”

चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या. शेजारच्या जोडीतल्या एकानं तेलाची वाटी मागितली. हनोखनी ती सरकवली.

मग बाबांनी सांगितलं. थोडक्यात सांगितलं. अंगावर चट्टे उठले तेव्हा त्यांची मुलगी शेवंता तीन वर्षांची होती. गावानं बाबांना बाहेर काढलं. भावानं पोरीला वाढवलं, चांगल्या घरी दिली. बाप मेला, असं सासरी सांगितलं. दुसरा मार्ग नव्हता. जत्रेला ती दरसाल येते, एवढा निरोप भावानं धाडला. तेव्हापासून बाबा तोंडाला मुंडासं गुंडाळून पारामागं उभे राहतात. ती बांगड्या भरते, पोरांना शेव घेऊन देते, बैलगाडीत बसून जाते. बाबा तेवढं बघतात आणि परत येतात.

“आज माझ्या अंगावरनं गेली,” बाबा म्हणाले. “पदर लागला मुंडाशाला. थोरली पोर तिच्यासारखीच तिरपी चालती.”

डोळ्यांतून पाणी आलं, तसं त्यांनी ते वाहू दिलं. पुसायला बोटं नव्हती आणि मनगट उचलण्याची त्यांना गरज वाटली नाही.

हनोख त्या म्हाताऱ्याकडे बघतच राहिले. ज्याला कशाचं काही वाटत नाही असं ते समजत होते, तो हाच माणूस. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हौद भरणारा, पट्ट्या वळताना भजन म्हणणारा.

“दुखतं का, बाबा?” त्यांनी विचारलं. पायाबद्दल नव्हे.

“लई दुखतं. आठ-आठ दिस जेवान जात न्हाई.”

“मग नका जात जाऊ…”

बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आजारी माणसाकडे बघतात.

ऊन ओट्याच्या कडेवर येऊन थांबलं होतं.

“पाळकसायेब, तुम्ही शिकलेले हाये,” बाबा म्हणाले. “एक विचारू?”

“विचारा.”

“प्रभूला खिळे मारले, तवा त्याला दुखलं आसंल का?”

“दुखलं असणारच. तो माणूस झाला होता. तो ओरडला होता, बाबा.”

“मग त्याच्याजवळ तुम्ही आज काय मागून आला?”

हनोखना ग्रीक शब्द आठवला नाही. मुद्दे आठवले नाहीत. खिशातलं पत्र छातीला टोचत होतं. पहिल्यांदाच त्यांनी ते टोचू दिलं. बांधलेला पाय मांडीवर तसाच होता. त्यांनी मान खाली घातली आणि लहान मुलासारखे रडायला लागले… शेजारच्या जोड्यांनी माना वळवल्या आणि पुन्हा आपापल्या कामाला लागल्या.

बाबांनी त्यांना रडू दिलं. मग बांधलेला पाय हळूच खाली घेतला.

“ऊन चाललं,” ते म्हणाले. “दुसरा पाय ऱ्हायलाय. बघा.”