घाटासाठी कोणतं पेट्रोल

“पण हे पेट्रोल चालेल का, महाराज?”

निनादच्या हातात अर्धीअधिक भरलेली काचेची बाटली होती. मोटरसायकलच्या टाकीचं झाकण उघडं होतं आणि आत तळ दिसत होता.

सोमगिरी महाराज मठाच्या पायरीवर सूप मांडून शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठून आलं?”

“वाडीतल्या दुकानातून. सुभाना घेऊन आलाय. होतं तेवढं दुकानदारानं दिलं.”

सुभाना तिथंच उभा होता, अनवाणी. त्याच्या बायकोला, चंद्राला, पहाटेपासून कळा येत होत्या, आणि दिवस अजून भरले नव्हते. दरड कोसळल्यापासून घाटात जीप येत नव्हती. दोन चाकं तेवढी कडेकडेनं निघत. घाटाखालच्या पेठेतल्या नर्सबाई फोनवर म्हणाल्या होत्या, गाडी पाठवा, मी पिशवी घेऊन तयार आहे. पण बाजाराचा दिवस होता. वाडीतल्या सगळ्या गाड्या उजाडायच्या आत तालुक्याला गेलेल्या.

उरली होती ती मठाची. आणि मठाची गाडी कोरडी होती.

ती का कोरडी होती, हे निनादला पक्कं ठाऊक होतं.

निनाद सबनीस परदेशात इंजिनांचं शिक्षण घेऊन आलेला. तिथली नोकरी सोडून, घरच्यांचा रोष पत्करून तो या डोंगरावर आला होता. आपलं आयुष्य कशाला तरी पुरतं वाहून टाकायचं, अर्धवट काही करायचं नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. महाराजांनी त्याला अंगण झाडायला सांगितलं, एक साधं नाम दिलं, आणि मठाची जुनी मोटरसायकल त्याच्या हवाली केली.

अंगण तो झाडायचा. नाम घ्यायचा. पण मठात एक मोठं अनुष्ठान होतं, अन्न सोडून, मौन धरून करायचं. ते मला द्या, म्हणून तो महाराजांच्या मागे लागला होता. महाराज दर वेळी म्हणत, “बघू.”

आणि गाडीच्या बाबतीत त्यानं कुणाला विचारलंच नाही. एकदा तांदळाची दोन पोती घेऊन घाट चढताना इंजिन आतून टकटक वाजायला लागलं, तेव्हाच त्यानं ठरवलं की इथलं पेट्रोल हलकं आहे. तेव्हापासून मठाच्या गाडीत फक्त शंभर ऑक्टेनचं. ते शहरातच मिळायचं. तो डबा घेऊन जायचा आणि भरून आणायचा. डबा दोन दिवसांपूर्वी संपला होता. उद्या तो पुन्हा शहरात जाणार होता.

“साधं आहे, महाराज,” तो म्हणाला. “एक्क्याण्णवचं. त्यात काय मिसळलेलं असेल देव जाणे. चढाला इंजिन ठोकायला लागलं आणि नर्सबाईंना घेऊन मध्येच बंद पडलो तर...”

“दादा,” सुभाना म्हणाला, “समदी वाडी ह्येच घालून घाट चढती.”

“त्या गाड्यांचे आवाज ऐकलेत मी.”

“मग चंद्रीचाबी ऐका की जरा.”

...

महाराजांनी सूप बाजूला सरकवलं. उठले, आत गेले, आणि खुंटीवरची झोळी घेऊन बाहेर आले.

ती माधुकरीची झोळी होती. रोज सकाळी निनादच ती खांद्याला अडकवून वाडीत भिक्षेला जायचा. मठाचा दंडक असा, की झोळीत पडेल ते खायचं. शिळी भाकरी आली म्हणून बाजूला काढायची नाही, गूळ आला म्हणून आधी उचलायचा नाही. निनादनं हा दंडक इतक्या निष्ठेनं पाळला होता, की एकदा आंबलेली आमटी खाऊन तो तापानं पडला होता. त्याचा त्याला मनातून थोडा अभिमानही होता.

महाराजांनी झोळी सुभानापुढं पसरली.

“यात घाल.”

सुभाना गोंधळला. मग त्यानं निनादच्या हातातली बाटली काढून घेतली आणि झोळीत ठेवली.

महाराजांनी झोळी निनादपुढं धरली.

“आता निवड.”

निनादनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग बाटली उचलली, बूच काढलं आणि टाकीत पालथी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तशीच धरून ठेवली.

*

घाट उतरताना त्यानं इंजिन बंदच ठेवलं. तेवढंच वाचेल. गाडी आपल्या वजनानं वळणांमागून वळणं उतरत गेली, आणि त्याला नुसते चाकांखालचे खडे ऐकू येत राहिले.

पेठेत नर्स सुलभाबाई रस्त्यावरच उभ्या होत्या. पदर खोचून, पिशवी छातीशी धरून मागे बसल्या.

“मठातले नवे बुवा तुम्हीच का?”

“बुवा नाही अजून.”

“मग बरंय. गाडी तरी नीट चालवाल.”

चढ सुरू झाला. निनादचे कान इंजिनाला चिकटलेले. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाला, जिथं चढ छातीवर येतो, तिथं ती आलीच. टकटक... टकटक... डब्यात खडे हलवावेत तशी.

हलकं पेट्रोल. शेवटी दगा दिलाच.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, की गाडी अजून वरच्या गिअरमध्येच होती. घाई इतकी, की त्यानं गिअर खाली टाकलाच नव्हता. इंजिनाला श्वास घ्यायला जागा नव्हती आणि तो वरून मूठ पिळत होता. पोत्यांच्या दिवशीही...

त्या दिवशीही असंच झालं होतं.

त्यानं मूठ सैल केली. गिअर एक खाली टाकला, मग आणखी एक.

टकटक थांबली.

गाडी हळू झाली. पण चढत राहिली, तक्रार न करता, म्हातारं माणूस ओळखीच्या पायऱ्या चढतं तशी.

“झोपली की काय गाडी?” मागून सुलभाबाई म्हणाल्या.

“नाही, बाई. आत्ताच जागी झालीय.”

*

सुभानाच्या घराबाहेर बाया जमल्या होत्या. आतून चंद्राचा आवाज येत होता, मग येईनासा झाला, मग पुन्हा आला. निनाद मठात परतला. अंगणात बसवेना म्हणून त्यानं झाडू घेतला आणि सकाळी झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला लागला.

महाराज पायरीवर शेंगा सोलत होते.

ऊन ओट्यावर चढलं, तेव्हा खालून एक बारीक, चिडका आवाज आला. कोण रडतंय हे कुणी सांगायची गरज नव्हती.

निनादच्या हातातला झाडू गळून पडला. तो होता तिथंच धुळीत बसला. तो हसत होता.

थोड्या वेळानं सुभाना धावत आला. “मुलगी हाय. बारकी हाय, पर गळा मोठा हाय. बाई म्हणत्यात दोघी ठीक हायत.” त्यानं महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं, मग उठून मोटरसायकलच्या टाकीवरून हात फिरवला आणि आला तसा पळाला. निनादकडं बघायला त्याला फुरसत नव्हती. निनादला तेही बरंच वाटलं.

महाराज म्हणाले, “ये, बस इथं.”

निनाद खालच्या पायरीवर बसला.

“तुझं ते शंभराचं पेट्रोल. त्यात जोर जास्त असतो का रे?”

“नाही, महाराज. लोकांना तसं वाटतं. जोर तेवढाच असतो.”

“मग आकडा कसला?”

“धीराचा,” निनाद बोलून गेला. मग त्यानं नीट सांगितलं. “इंजिनात पेट्रोल दाबलं जातं. दाबलं की तापतं. ठिणगी पडायच्या आधीच ते आपलं आपण पेटलं, तर टकटक होते. आकडा जितका मोठा, तितका जास्त दाब सोसून ते ठिणगीची वाट बघतं.”

“म्हणजे भारी ते, जे लवकर पेटत नाही.”

“हो.”

“मला वाटायचं, पेट्रोल पेटण्यासाठीच असतं.”

निनाद हसला. मग हसायचा थांबला.

...

“आणि आपल्या गाडीत दाब किती?”

“थोडाच. जुनं इंजिन आहे. तिला साधंच पुरतं. शंभराचं घातलं तरी तिला काही फरक पडत नाही.”

“हे तुला आज कळलं?”

निनादनं मान खाली घातली. “नाही. पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.”

“मग?”

“मठाची गाडी आहे. मला वाटलं, सगळ्यात वरचं द्यावं.”

“गाडीनं मागितलं होतं?”

“...नाही.”

महाराजांनी दोन शेंगा फोडल्या. दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला.

“माझ्या हट्टापायी टाकी कोरडी राहिली,” निनाद म्हणाला. “बाई आणखी उशिरा पोचल्या असत्या तर... मी पेट्रोलचा धीर मोजत बसलो, महाराज. आणि स्वतः ठिणगीच्या आधीच पेटतो. सुभानाला सकाळी काय बोललो मी. मला परत पाठवायचं असेल तर पाठवा. मोठ्या अनुष्ठानाचा मी नाही, हे मला कळलं.”

महाराजांनी सुपातले मूठभर दाणे उचलून त्याच्या ओंजळीत टाकले.

“खा.”

“आज माझा उपास आहे.”

“कुणी सांगितला?”

“...मीच धरलाय.”

महाराज त्याच्या ओंजळीकडं पाहत राहिले.

निनादनं एक दाणा तोंडात टाकला. मग दुसरा. मग सगळेच. दाणे ओले होते, गोड होते. किती दिवसांत आपण चव घेऊन काही खाल्लं नाही, हे त्याला आठवेना. छातीवर कधीपासून धरून ठेवलेलं काहीतरी सैल झालं, आणि आता इथून कुठंही जायचं नाही एवढंच त्याला वाटत राहिलं.

“महाराज, मी इथंच राहू?”

“अंगण कोण झाडणार मग? आज दोनदा झाडलंस, उद्या सुट्टी घेशील काय?”

निनादला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

खालच्या वाटेनं सुलभाबाई वर येत होत्या. हातात पिशवी, वर कुणीतरी दिलेला नारळ. मठाच्या दाराशी थांबून त्यांनी महाराजांना लांबूनच नमस्कार केला. “मला सोडायचं बघा, बुवा. खाली आणखी दोघी वाट बघतायत.”

निनाद उठला. गाडीपाशी गेला, ती हलवून पाहिली. आत जेमतेम चूळ भरण्याइतकं डचमळलं. त्यानं रिकामी बाटली उचलली, उजेडासमोर धरली, आणि ती हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“टाकी पुन्हा तळाला गेलीय, महाराज,” तो म्हणाला. “वर यायला मी... पेठेतून कोणतं भरू?”

महाराजांनी सूप मांडीवर ओढलं.

“आधी उतर तर खाली. उताराला पेट्रोल लागत नाही.”