राहीचा रांजण आणि फुकटच्या चिंध्या

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका. त्या काळी जनावरं बोलत होती आणि माणसं ऐकून घेत होती, एवढं सांगितलं म्हणजे तुमचं तुम्हाला कळेल. लहानांनी पुढे बसा. मोठ्यांनी मागे बसा, पण कान इकडे ठेवा, कारण ही गोष्ट खरं म्हणजे तुमच्यासाठीच आहे.

नदीकाठी एक बाजाराचं गाव होतं. तिथे राही नावाची रंगारीण राहायची. ती कापड निळं रंगवून द्यायची. तिच्या अंगणात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला एक मोठा रांजण होता आणि त्यात नीळ मुरत असायची.

आता तुम्ही म्हणाल, रंग तो काय, पाण्यात कालवला की झाला. अहो, तसं नाही! निळीचा रांजण दह्यासारखा विरजणावर चालतो. त्याला गूळ लागतो, चुना लागतो, रोज ढवळावं लागतं. पोटभर मिळालं की तो वर जांभळट फेस धरतो आणि असा रंग देतो की कापड फाटेल पण रंग जाणार नाही. उपाशी ठेवला तर मरतो. आणि एकदा मेला की नवा लावायला दुसऱ्या जिवंत रांजणातलं विरजण लागतं. तसा दुसरा रांजण त्या अख्ख्या राज्यात नव्हता.

राहीला तो आईकडून मिळाला होता, आईला आजीकडून. जाताना आई म्हणाली होती, "राही, घरात एकटीच उरले असं समजू नकोस. अंगणात एक जीव आहे. त्याला भूक लागते, पण बिचाऱ्याला सांगता येत नाही. त्याला जप."

त्या घराची एक जुनी रीत होती. बाजाराच्या दिवशी कुणीही हातभर चिंधी घेऊन यावं, रंगारणीनं ती फुकट रंगवून द्यावी. माणूस ती घरी नेई, धुई, आपटी, उन्हात टाकी. रंग टिकला की पुढच्या बाजाराला लुगडं नाहीतर पागोटं घेऊन येई आणि रंगवण्याबद्दल गूळ किंवा धान्य देई. चिंधी फुकट आणि लुगडं मोलानं, असा सरळ हिशेब होता.

राहीचा हात आईपेक्षाही सढळ. चिंधी बुडवता बुडवता ती चार शहाणपणाच्या गोष्टीही सांगायची. "मावशी, कोऱ्या कापडाची खळ आधी धुऊन काढा हं, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो. पहिल्या धुण्याला थोडी निळाई निघते, घाबरू नका. आणि सावलीत वाळवा, उन्हात नको." लोक पायरीवर बसून ऐकायचे. लांबलांबच्या गावांहून लोक यायला लागले. "राहीबाई म्हणजे देवमाणूस!" असं जो तो म्हणायचा.

आणि इथेच घोटाळा झाला. कौतुक कुणाला आवडत नाही? राहीला इतकं आवडलं, इतकं आवडलं की मोल सांगायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. कुणी लुगडं आणून "काय द्यायचं, बाई?" विचारलं की ती लाजून म्हणायची, "असू द्या हो, पुढच्या वेळी बघू." लोकांना काय, ते एकदा विचारायचे, दोनदा विचारायचे, मग विचारायचेच नाहीत.

चिंध्याही वाढत गेल्या. आधी हातभर होत्या, मग रुमालाएवढ्या झाल्या, मग कुणी बाळाचं झबलं आणलं. एके दिवशी तर गुऱ्हाळवाला भिवजी अख्खं पागोटं घेऊन आला आणि हसत म्हणाला, "बाई, ही चिंधीच समजा. जरा लांब निघाली!"

सगळे हसले. राहीही हसली. आणि हसत हसत तिनं ते पागोटं बुडवून दिलं की! काय म्हणावं या बाईला?

असं करता करता घरातला गूळ संपला. राहीनं रांजणाला भाकरीबरोबर खायचा आपला खडा घातला. तोही किती पुरणार? एका सकाळी तिनं झाकण काढलं, तर फेस विरलेला आणि पाणी मलूल. तिनं एक दोरा बुडवून पाहिला. तो फिकट निघाला, धुतलेल्या पाटीसारखा. आईनं सांभाळायला दिलेला एकुलता एक जीव राहीच्या हातून चालला होता.

शेजारी धोंडशेट नावाचा लोणचेवाला होता. त्याच्या बरण्यांवर जाड फडकं घट्ट बांधलेलं असायचं. चवीपुरती एक फोडसुद्धा त्यानं कधी कुणाच्या हातावर ठेवली नाही. तो म्हणाला, "राही, तू वेडी आहेस. जगाला फुकट चाटवत बसलीस, मग विकत घेईल कोण? चिंध्या बंद कर, बडबड बंद कर. पडदा लाव. कुणी वाट विचारली तरी आधी शेरभर ज्वारी ठेव म्हणावं!"

घाबरलेल्या माणसाला कुणाचंही पटतं. राहीनं दाराला जाडजूड पडदा लावला.

पुढच्या बाजाराला एक पोरगी चिंधी घेऊन आली. राही पडद्याआडून म्हणाली, "चिंधी बंद आहे." मग एक म्हातारा आला. "बाई, खळ कशी काढायची म्हणाला होतात? विसरलो बघा." राहीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "आधी शेरभर ज्वारी ठेवा, आजोबा." म्हातारा काठी टेकत निघून गेला. राहीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यानंतर कुणी आलंच नाही. का यावं? पडद्यामागे काय आहे, रंग टिकतो की जातो, नव्या माणसाला कसं कळणार? आणि जुन्यांना वाटलं, राहीबाई बदलली. राही एकटी रांजणापाशी बसून रोज ढवळत राहिली, पण नुसत्या ढवळण्यानं पोट भरत नाही. रांजणाला आता आंबूस वास यायला लागला होता. आणखी एखादा बाजार, की संपलं.

त्या दिवसांत एका दुपारी परटाचं गाढव नदीवरून येता येता तिच्या दारात थांबलं. पाठीवर धुण्याचं गाठोडं होतं. पडद्यात तोंड खुपसून ते म्हणालं, "रडतेस काय?"

हसू नका रे! गाढवानं शहाणपणाचं बोलू नये असा काही कायदा नाही. माणसं नाही का गाढवपणाचं बोलत?

राहीनं डोळे पुसत सगळं सांगितलं. "फुकट दिलं तेव्हा रांजण उपाशी राहिला. देणं बंद केलं तरी उपाशीच. आता मी करू तरी काय?"

गाढवानं कान हलवले. "बाई, मला फार कळत नाही. पण उपाशी राहणं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. मालक वैरण टाकायला विसरला की मी काय करतो?"

"ओरडतोस. गावाच्या कानठळ्या बसतात."

"मग वैरण येते की नाही?"

"येते."

"मालक काही वाईट माणूस नाही. विसरतो, इतकंच. मी ओरडलो नाही, तर त्याला वाटेल याचं पोट भरलेलं आहे. तुझा रांजण मुका आहे. त्याच्या वतीनं ओरडायचं कुणी?"

राहीला आईचे शब्द आठवले. त्याला सांगता येत नाही, असं आई म्हणाली होती. मग सांगायचं कुणी, ते राहीनं कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

"पण मला लाज वाटते रे," ती पुटपुटली. "लोक काय म्हणतील? इतके दिवस देवमाणूस म्हणत होते."

"देवालासुद्धा नैवेद्य लागतो," गाढव म्हणालं. "आणि चिंधी द्यायची कशाला बंद केलीस? मालक रोज नदीवर मला मोकळं सोडून चार घास चरू देतो, म्हणून तर मी त्याचं ओझं उचलतो. चिंधी दे, गोष्टी सांग. आणि मग माझ्यासारखी ओरड. मोठ्यानं, आणि खरं तेच." एवढं बोलून ते वळलं आणि जाता जाता पडद्याचा एक कोपरा चघळून गेलं. बाकीचा पडदा राहीनं स्वतः उतरवला.

बाजाराचा दिवस उजाडला. राही पायरीवर येऊन बसली. समोरून जाणारी माणसं बघत होती आणि पुढे जात होती. तिनं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली:

"या हो, या! चिंधी फुकट! विचाराल ते सांगेन, तेही फुकट! पण लुगडं, पागोटं रंगवायचं तर माझ्या रांजणाला गूळ लागतो! गुळावाचून माझा रांजण मरायला टेकलाय हो!"

धोंडशेटनं कपाळावर हात मारला. राहीला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

मग गर्दीतून भिवजी पुढे आला. डोक्यावर तेच पागोटं होतं, निळंशार, पहिल्या दिवसासारखं. तो रागावलेलाच दिसत होता.

"राहीबाई, हे आत्ता सांगता? मला वाटत होतं, तुम्हाला राजवाड्यातून शिधा येतो! नाहीतर कुणी असं पागोटं फुकट रंगवून देतं का? माझं गुऱ्हाळ आहे, बाई, गुऱ्हाळ! अंगणात गुळाच्या ढेपा रचलेल्या आहेत, मुंग्या खातात त्या! एकदा तोंड उघडायचं होतं!" आणि तो ताडताड घरी निघून गेला.

काही जण "हात्तिच्या, आता मोल लागणार होय," म्हणून चिंधी तेवढी बुडवून चालते झाले. राहीनं त्यांनाही हसून चिंधी दिली. फिकट का होईना, पण दिली.

तेवढ्यात एक बैलगाडी येऊन थांबली. तीतून लांबच्या गावची एक बाई उतरली. तिच्या खांद्यावर गोधडी होती आणि गोधडीत निळ्या निळ्या चिंध्या शिवलेल्या होत्या.

"सापडलात बाई एकदाच्या!" ती म्हणाली. "दर बाजाराला तुमच्याकडून एकेक चिंधी नेली आणि ही गोधडी शिवली. पोरं हिच्यावर लोळली, मुतली, मी ती दगडावर आपटून आपटून धुतली. बाकीचे तुकडे विटले. तुमची निळाई जशीच्या तशी आहे! आता लेकीचं लग्न काढलंय आणि सगळ्या भावकीला निळीच लुगडी हवीत. मागे दोनदा येऊन गेले, तर दाराला पडदा. वाटलं, रंगारीण गेली की काय. आज तुमची हाक ऐकली म्हणून गाडी थांबवली. बोला, काय द्यायचं?"

राहीची जीभ पुन्हा टाळ्याकडे निघाली. "असू द्या" हे शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात पलीकडच्या आळीतून गाढव खणखणीत ओरडलं.

"लुगड्यामागे शेरभर गूळ आणि पायलीभर जोंधळे," राही म्हणाली. एका दमात म्हणाली.

"इतकंच?" बाई म्हणाली. "मी तर जास्तीच्या तयारीनं आले होते."

भिवजी डोक्यावर ढेप घेऊन घामाघूम परत आला. राहीनं गूळ फोडून रांजणात सोडला, चुना सोडला आणि ढवळायला बसली. लग्नाला अवकाश होता. रांजणाला तिनं पोटभर खाऊ घातलं आणि पुरेशी विश्रांती दिली. एका सकाळी झाकण काढलं, तर वर जांभळट फेस! राही अंगणात एकटीच टाळ्या वाजवत नाचली. म्हणजे आपलं तिला वाटलं, एकटीच. कुंपणापलीकडून गाढव बघत होतं.

लग्नाचं पहिलं लुगडं तिनं बाजाराच्या दिवशी, सगळ्यांना अंगणात बोलावून बाहेर काढलं. निळीचं कापड रांजणातून निघतं ते हिरवं. नवखी माणसं "अगं बाई, फसलं!" म्हणून ओरडली. पण वारा लागला आणि बघता बघता ते हिरवं लुगडं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर निळं झालं. राहीनं सगळ्यांना ते असं का होतं, तेही समजावून सांगितलं. अर्थात फुकट. तो म्हाताराही आला होता. त्याला तिनं जवळ बसवून खळ काढायची कशी ते दोनदा सांगितलं आणि मागच्या वेळची माफी मागितली. पुढच्या बाजाराला त्यानं आपलं धोतर रंगवायला आणलं.

पायरीवरच्या चिंध्या त्या घरात पुन्हा कधी बंद झाल्या नाहीत आणि मोल सांगायला राही पुन्हा कधी लाजली नाही. पुढे तिचाही संसार झाला आणि रांजण तिच्या नातीच्या हाती गेला, तेव्हाही वर फेस होताच. आणि धोंडशेट? काही दिवस तो पडदा नसलेल्या त्या दारातली गर्दी बघत राहिला. मग एके दिवशी त्यानं एका बरणीचं फडकं सोडलं आणि एका पोराच्या हातावर कैरीची एक फोड ठेवली. संध्याकाळपर्यंत बरणी रिकामी झाली होती.

तर पोरांनो, आणि पोरांच्या मागे बसून खाली बघणाऱ्या मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: आपल्याजवळचं चांगलं लोकांना मोकळ्या हातानं चाखू द्यावं आणि त्याचं मोल मोकळ्या तोंडानं सांगावं, यातलं एक जरी राहिलं, तरी रांजण उपाशी मरतो.